चार हजार वॅट, नदीच्या अलीकडे

१९ नोव्हें. २०००, शेणवा

मशीन आलं एकदाचं! हे सकाळीच कल्याणला गेले होते, दिवेलागणीला टेम्पोत घालून घेऊन आले. सोबत माणसाच्या छातीएवढे दोन बॉक्स. खोक्यावर लाल अक्षरांत ४००० वॅट. टेम्पो थांबायच्या आधीच ह्यांनी आरोळी ठोकली, "कुंदे, चार हजार!" अर्ध्या आळीला कळलं.

बाबांचं लाउडस्पीकरचं मशीन तीस वॅटचं. त्याच्यावर त्यांनी धसईपासून मुरबाडपर्यंत सगळी लग्नं वाजवली. त्या तीस वॅटचा भोंगा आमच्या गावातून नदीपल्याड ऐकू जायचा. त्या हिशोबाने हे मशीन इथे लावलं तर शहापूरच्या तहसीलदारांनी खिडकी लावून घ्यायला हवी.

हसले, पण खरं सांगायचं तर मलाही फार बरं वाटलं. ह्यांची कंपनीतली नोकरी आज आहे, उद्याचं कुणी सांगावं. आपलं स्वतःचं काहीतरी असावं.

२० नोव्हें.

लावून बघितलं. घरात नुसता दणका. मांडणीवरची भांडी नाचली, सा.बाई जपमाळ घेऊन शेजारी निघून गेल्या. हे खूष.

मी मुद्दाम रस्त्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तिथे नुसतं धप धप. गाणं कुठलं, बाई गातेय की बुवा, काही कळेना. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "नवीन आहे, रुळेल हळूहळू."

मशीन काय बैल आहे रुळायला?

३ डिसें.

माहेरी. बाबांना मशीन दाखवायला टेम्पो करून गेलो. बाबांनी काय करावं? आकडा बघायच्या आधी एका हाताने उचलून बघितलं. म्हणाले, "हलकं हाय."

हे म्हणाले, "आता टेक्नॉलॉजीच तशी आहे बाबा. सगळं हलकं."

मग बाबांनी चष्मा लावून आकडा वाचला. परत वाचला. जेवताना एवढंच म्हणाले, "चार हजार म्हंजे आमचा टाइम संपला." मला ते आवडलं नाही, पण जावयासमोर काय बोलणार.

१३ डिसें.

डोकं फिरलंय माझं. बाबांनी आपलं मशीन आणि दोन्ही भोंगे गावदेवीला वाहून टाकले! भंडाऱ्याच्या दिवशी. भोंग्यांना हळदकुंकू लावलं, त्यांच्यापुढे नारळ फोडला आणि देवळावर बांधूनही टाकले. एक गावाकडे तोंड करून, एक नदीकडे. एवढं सगळं झाल्यावर मला निरोप.

तडक गेले. म्हटलं, बाबा, मला तरी विचारायचं होतं. तर म्हणतात, "तुज्याकडं चार हजार हाय ना? तीस कशाला पायजे?" वर हसले. पण भिंतीवर मशीन ठेवायची फळी रिकामी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

१० जाने. २००१

म्हशाच्या जत्रेला गेलो. घोंगडी घेतली एक. गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीवरून हरवलेल्यांची नावं पुकारणारा भोंगा. गाडीतून उतरलो तिथपर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता. अमक्या गावची तमकी म्हातारी, लाल लुगडं, तंबूपाशी बसली आहे.

मी सरळ तंबूत जाऊन विचारलं, मशीन कितीचं? तो म्हणाला, "पन्नास वॅट, ताई."

ह्यांना सांगितलं. हे जिलबी खात होते. म्हणाले, "भोंगा वेगळा, आपलं वेगळं."

काय वेगळं? ते नाही सांगितलं.

५ फेब्रु.

पहिलं काम. आणि असं काम शत्रूवरही येऊ नये.

किन्हवलीच्या बाजूला हळद होती. मांडवात दणका बरोबर होता, पोरं नाचत होती. पण नवरीला पहिली हळद मामाने लावायची, तो मामा रस्त्यापलीकडे आंब्याखाली विडी ओढत बसलेला. माईकवरून तीनतीनदा पुकारलं, "नवरीच्या मामांनी मांडवात यावं." मामा हलेना. शेवटी कुणीतरी धावत बोलवायला गेलं, तर मामा फुगून बसला, मला कुणी बोलावलंच नाही म्हणून! अर्धा तास त्याची मनधरणी. नवरी हळदीची वाटी समोर घेऊन बसलेली.

मग कुणीतरी म्हणालं, आवाज वाढवा. ह्यांनी वाढवला. फट्. फ्यूज उडाला.

मागून एक आवाज आला, "चार हजार कुठं गेले रे?" सगळा मांडव हसला. ह्यांचा चेहरा बघवेना. मला तर सगळ्यांच्या डोक्यात बॉक्स घालावासा वाटला.

६ फेब्रु.

फाट्यावर गाडीची वाट बघत होतो. पानाच्या टपरीवरून हाक, "काय चार हजार, कुठं निघाले?" म्हणजे नाव पडलं.

७ फेब्रु.

आज एक कळलं. लिहून ठेवते, नाहीतर हे म्हणतील स्वप्न पडलं.

ह्यांच्या शर्टाला इस्त्री करत होते. इस्त्री लावली की स्वयंपाकघरातला बल्ब मंद होतो, रोजचंच. इस्त्रीवर लिहिलंय ७५० वॅट. मनात आलं, साडेसातशेला बल्ब मान टाकतो, तर चार हजाराला तो बंदच पडायला पाहिजे. इस्त्री काढली, मशीन लावलं, आवाज पूर्ण सोडला. बल्ब ढिम्म. जरासुद्धा हलला नाही.

मशीन उलटं केलं. मागे तळाशी पत्र्याची पट्टी आहे, मुंगीएवढी अक्षरं. वीज लागते १२० वॅट.

म्हणजे खातं एकशेवीस आणि देतं चार हजार? म्हशीला एक पेंढी घालायची आणि पिंपभर दूध काढायचं, असलं कुठे असतं?

हे घरी आल्यावर दाखवलं. आधी पट्टी वाचली, मग चिडले. "एवढी मोठी कंपनी खोटं छापेल का? तुला कळतं जास्त?" आणि मशीनवर टॉवेल टाकला. जणू मशीन आजारी आहे.

१० फेब्रु., मुरबाड

वसंतभाऊ रेडिओवाल्यांकडे मशीन नेलं. बाबांचे जुने दोस्त, बाबांच्या मशीनचं सगळं तेच बघायचे. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. एवढाच वेळ. म्हणाले, "खोका आणलायस का?"

खोक्यावर त्या लाल ४००० च्या खाली बारीक अक्षरं आहेत. पी.एम.पी.ओ. आम्ही ती कंपनीच्या नावाचाच भाग समजलो होतो.

"हा वॅट कसा मोजतात ठाव हाय?" वसंतभाऊ म्हणाले. "मशीन जळायच्या आधी डोळ्याची पापणी लवंल तेवढ्यात जेवढा झटका निघंल, तेवढा धरायचा. तोबी कागदावर. मग दोन्ही बाजूंची बेरीज. मग जेवढे स्पीकर तेवढ्यांनी गुणायचं. मग मालकाला जेवढा आवडंल तेवढा अजून घालायचा."

"आणि खरा?"

"खरा म्हंजे मशीन तासन् तास देत राहील तो. त्याला आर.एम.एस. बोलतात. तुझा एका बाजूला तीस धर. दोन्ही मिळून साठ. तोबी चांगल्या दिवशी."

मी म्हटलं, मग बाबांचाही तीसच होता, तो नदीपल्याड कसा जायचा? तर म्हणाले, एक तर तो खरा तीस. दुसरं, भोंगा सगळा आवाज गोळा करून एका बाजूला फेकतो. बॉक्स जवळच्या जवळ सांडतो. आणि वॅट दुप्पट केला म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, कानाला जेमतेम फरक कळतो. हे मला कुणी शाळेत शिकवलं असतं तर.

त्यांच्याच दुकानात फळीवर तसलेच खोके होते. २५००, ३०००. मी विचारलं, मग तुम्ही कशाला विकता हे?

"खरा आकडा लिवला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, पोरी. मंग मला कोण पोसंल?"

राग कुणाचा करावा तेही कळेना. चहा पाजला त्यांनी, तो प्यायले.

१२ फेब्रु.

कल्याण. दुकानदार माझ्याशी बोलेचना, ह्यांच्याकडे बघून बोलतो. "भाईसाब, पीएमपीओ लिखा है ना डब्बे पे. पढना चाहिये था." मी म्हटलं, माझ्याशी बोला, पट्टी मी वाचलीय. तर "मॅडम, घर पे बैठ के आराम से सुनो, एकदम बढिया सेट है." परत घेणार नाही, बदलून देणार नाही.

घर पे बैठ के. तिथेच दोन शब्द सुनावणार होते, ह्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं. उसाचा रस पाजला.

४ मार्च

बोर्डावरून कडाक्याचं भांडण. फाट्यावर आपला बोर्ड आहे, साउंड सर्व्हिस, ४००० वॅट. मी म्हटलं, तो आकडा पुसा. हे म्हणाले, "शहापूरवाला पाच हजार लिहितो. तू साठ लिही, बघू कोण बोलावतं. मोठी आली हरिश्चंद्राची लेक!"

मी म्हटलं, किन्हवलीच्या मांडवात लोक हसले ते विसरलात काय?

"हसले ना? मग आता जगजाहीर करतेस आपणच?"

जेवले नाहीत. मीही नाही. सा.बाईंनी दोघांची ताटं झाकून ठेवली आणि म्हणाल्या, "मशीनला तरी वाढा कुणीतरी."

२५ मार्च, माहेरी

आता खरी पंचाईत.

हिराआत्या, बाबांची थोरली बहीण, गावातच दिलेली, आमच्या भागातली धवलारीण. लग्नाचे धवले तिच्याशिवाय सुरू व्हायचे नाहीत. देवांना बोलावणं, पितरांना बोलावणं, मग एकेका नातलगाला नाव घेऊन मांडवात बोलावणं, सगळं गाण्यातून. बॉक्स आल्यापासून तिला कुणी बोलावत नाही. बोलावलं तरी पोरं म्हणतात, आजी आवरा लवकर.

आता मे महिन्यात तिच्या नातीचं, सविताचं लग्न. म्हणाली, "ह्यो माझा शेवटचा धवला. छातीत दम ऱ्हायला नाय." धाकटी बहीण मंजुळाआत्या नदीपल्याड दिलेली. गेल्या पावसात खुबा मोडला, तेव्हापासून ओट्यावर पडून. मांडवात आणणं शक्य नाही. दोघींनी आजवर एकमेकीच्या घरचं एकही लग्न चुकवलेलं नाही.

हिराआत्याने माझी हनुवटी धरली. "मंजुळीला मांडवात बोलावतानी माझा आवाज तिच्या ओट्यावर गेला पायजे. तुझं चार हजारचं हाय ना गो? जाईल ना?"

मी तिला सगळं सांगितलं. पट्टी, इस्त्री, बारीक अक्षरं, झटक्याचा वॅट, खरा वॅट. चांगला तासभर. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग चार हजार कशाला लिवलंय?"

काय सांगू हिला? कपाळ?

बाबा दारात बसून सगळं ऐकत होते. माझ्याकडे न बघता उठून गोठ्यात गेले.

१५ एप्रि.

करून बघितलं. मशीन आणि बॉक्स गावी नेले, अंगणात मांडले, नदीकडे तोंड करून. आत्या माईकसमोर. हे नदी ओलांडून मंजुळाआत्याच्या ओट्यापाशी गेले. ठरलं होतं, शब्द ऐकू आले तर टॉवेल हलवायचा. मी बांधावर चढून बघत होते.

आत्या गायली. टॉवेल नाही.

आवाज वाढवला. नाही.

अजून वाढवला, बॉक्स फाटल्यासारखे करायला लागले. तेवढ्यात टॉवेल हलला! जोरजोरात! मी बांधावरून ओरडले, पोचलं, पोचलं! आत्याने माईकलाच हात जोडले.

हे आले तर म्हणतात, ओट्याखाली गांधीलमाशा होत्या, त्या हाकलत होतो.

हसावं की रडावं. मग हेच खाली बघून म्हणाले, "नुसतं धपधप येतं. आत्याचा एक शब्द येत नाही." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं ह्यांनी कबूल केलं की मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

१६ एप्रि.

देवळाच्या कमिटीकडे गेले. म्हटलं, बाबांचं मशीन आणि भोंगे एका दिवसापुरते द्या. कमिटीचे नानापाटील म्हणाले, "देवीला वाहिलेलं. आज भोंगा दिला तर उद्या कोणी समई मागंल, परवा कोणी घंटा." मी म्हटलं, आरतीला दहा मिनिटं वाजतात, बाकी दिवसभर त्यात चिमण्या असतात. तर म्हणाले, "चिमण्या देवीच्या हायत."

बाबा बाजूला उभे. दिलेलं परत कसं मागायचं, ते त्यांच्या तोंडावरच लिहिलं होतं. त्या लाल आकड्यावर विश्वास ठेवून माझ्या बापाने हातातलं खरं मशीन देऊन टाकलं. कोण छापतं हे? कुठे बसतो तो माणूस? एकदा समोर येऊ दे.

येताना गाडीत रडले. हे शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिले.

१९ एप्रि.

फाट्यावर गेले तर बोर्डावरचा आकडा खरवडलेला. ह्यांच्या नखांत रंगाचे कण. आता नुसतं 'वॅट' उरलंय, त्याच्या आधी पांढरा डाग.

२९ एप्रि., माहेरी

मार्ग निघाला. बाबांनी काढला. त्या दिवशी गप्प बसलेला माणूस आज स्वतःहून कमिटीपुढे गेला.

म्हणाले, "पाटील, नारळ भोंग्यांपुढं फोडला. हळदकुंकू भोंग्यांना लावलं. मशीनला लावलं काय?"

सगळे आठवायला लागले. पुजाऱ्याला विचारलं. नाही लावलं.

"मंग भोंगे देवीचे. मशीन नुसतं देवळात ठेवलेलं."

नानापाटलांना हसू आवरेना. पण म्हणाले, मशीन घेऊन जा, भोंगे मात्र खाली उतरणार नाहीत. त्यावर हिराआत्या पदर खोचून पुढे. "भोंगे कोणाला पायजेत खाली? पयला धवला गावदेवीला बोलवायचाच अस्तो. देवीचं बोलावणं देवीच्या भोंग्यातनं जाऊ दे. त्यात मंजुळीचं नाव आलं तर देवी काय रागावते काय?"

ठरलं. मशीन मांडवात, भोंगे देवळावर, मधे शेतातून वायर. वसंतभाऊ म्हणाले, बाबांचं मशीन असल्या लांब वायरीसाठीच बनवलेलं, चालेल. वायरीचं भेंडोळं त्यांनीच दिलं. म्हणाले, "ह्या भेंडोळ्यावर आकडा नाय, घाबरू नको."

१० मे

दिवसभर वायर. बांधाबांधाने बांबू रोवले. हे पुढे, मी मागे, बाबा काठी घेऊन आमच्या चुका काढत. संध्याकाळी ह्यांनी माईकवर नुसतं "हॅलो" म्हटलं आणि पल्याडून मंजुळाआत्याच्या सुनेने भांडं वाजवलं. ठरल्याप्रमाणे. तीस वॅट! नवीन मशीन शेजारीच होतं, नाचगाण्यासाठी ठेवलंय. मी त्याच्याकडे बघून तोंड वेंगाडलं. हे म्हणाले, "त्याचा काय दोष गो." तेही खरंच. त्याने थोडाच स्वतःवर आकडा छापला.

१२ मे

हळद झाली. रागातच लिहितेय.

उन्हं कलल्यावर आत्या मांडवात बसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. पहिली ओळ म्हटली आणि थबकली. आवाज देवळावरून जरा उशिरा येतो ना, तिला वाटलं तिकडून दुसरंच कोणी गातंय. माझ्या कानाशी म्हणाली, "मंजुळी गाती काय गो?" मी म्हटलं, नाही, तूच आहेस, गा. मग सुरू झाली. देवीला बोलावलं, वेशीवरच्या देवाला बोलावलं, गेलेल्या सगळ्यांना नाव घेऊन बोलावलं. मांडवातली पोरंही गप्प बसली. बाबा मशीनपाशी उकिडवे बसून बटणावर हात. त्यांचा चेहरा बघून पोट भरलं माझं.

पितर संपले. आता नातलग. पहिली मावशीआजी, म्हणजे मंजुळाआत्या. आत्याने श्वास घेतला.

आणि लाईट गेली!

सगळ्या गावाची. बाबांचं मशीन बॅटरीवरही चालतं, ट्रॅक्टरची बॅटरी मी सकाळपासून शेजारी ठेवलेली, वायरीला लावायचे चिमटेही तिच्यावरच. चिमटे गायब. कुणीतरी त्यांनी मांडवाचं कापड अडकवलं होतं! मी ओरडले, "आत्या, थांब!" पण धवलारीण थांबत नाही, मधे थांबणं अशुभ. तिने मंजुळाआत्याचं कडवं म्हटलं. अंधुक उजेडात, बिनमाईकचं, उरलेल्या दमातलं. मागच्या खांबापाशी बसलेल्या बायांनासुद्धा नीट गेलं नसेल.

ह्यांनी कापड ओढून चिमटे काढले, बाबांनी लावले, मशीन सुरू झालं. तोवर आत्या पुढच्या नावावर.

कडवं संपताच मी तिचे पाय धरले. म्हटलं, मंजुळाआत्याचं परत म्हण, आता जातंय. तिने मान हलवली. "एकदा बोलावलेल्याला परत बोलावत नसतात, कुंदे. पयलं बोलावणं खोटं पडतं."

म्हणजे चुलतमामाच्या मेहुण्याचं नाव नदीपल्याड गेलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेवढंच नाव गेलं नाही. चिमटे कापडाला लावणारा तो शहाणा कोण ते अजून सापडलेला नाही. सापडला तर त्याचं काही खरं नाही.

आत्या मात्र शांत. मला म्हणाली, "आमी बोलावलं. आता तिचं ती बघंल."

१४ मे

वरात गेली, पाहुणे पांगले. आज लाडवाचा डबा घेऊन हे आणि मी पल्याड गेलो. मंजुळाआत्याला काय तोंड दाखवायचं म्हणून मी वाटभर शब्द जुळवत होते. लाईट गेली, चिमटे नव्हते, माफ कर.

ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "ऐकला गो धवला."

म्हटलं, देवीचं बोलावणं ऐकलंस?

"ते जरा घुमत होतं. वारा होता. पण माझं नाव घेतलं ना हिरीने, ते अगदी कानाशी आलं. रडले मी."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आत्या, नीट आठव. तुझं नाव? लाईट गेल्यानंतर? तिची सून दारातून म्हणाली, "लाईट तर इकडंबी गेलती. पंखे, टीव्ही, पंप, सगळं बंद झालं, चिडीचूप. मी आत होते, मला नाय काय ऐकू आलं. आई मात्र डोळं पुसत होत्या."

मग मंजुळाआत्याने ते कडवं म्हणून दाखवलं. बारीक आवाजात. हिराआत्याने त्या संध्याकाळी म्हटलं होतं तसंच, शब्दाला शब्द. पण ते कडवं तर तिला लहानपणापासून पाठ असणार. दोघी एकाच आईकडून शिकल्या. तिने ऐकलं, की तिला ऐकावंसं वाटलं, की माझं तोंड बघून माझी समजूत काढतेय? चार महिने मी प्रत्येकाला खरा आकडा विचारत फिरले, आणि इथे साधं 'खरंच ऐकलंस का' एवढं माझ्या तोंडून निघेना.

तिने लाडू फोडला, अर्धा मला दिला. म्हणाली, "बाकीचं तितकं नाय, पण माझ्या नावाच्या वक्ताला मशीन लय चांगलं लागलं. तवा कितीचं लावलेलं गो?"

एरवी हे आकडा सांगायला एका पायावर तयार असतात. आज डब्याचं झाकण चाचपत बसले. मी लाडू तोंडात कोंबला.

नदी उतरताना ह्यांनी विचारलं, "बोर्डावर काय लिहायचं मग?"

मी म्हटलं, "आज नका विचारू."